बटण उशिरा पडतं, ते का?

प्रश्न : 'सायोनारा वाइल्ड हार्ट्स' हा गाण्याच्या तालावर बटणं दाबायचा गेम ब्लूटूथ हेडफोन लावून खेळतो, तेव्हा माझं प्रत्येक बटण उशिरा पडतं. दोष हाताचा की यंत्राचा? तालाची एवढी कटकट नसलेला, पण असाच देखणा गेम सुचवाल का?

उत्तर : बहुधा यंत्राचा. ब्लूटूथवर आवाज आधी दाबून लहान केला जातो आणि हेडफोनमध्ये पुन्हा उलगडला जातो. त्यात 100 ते 250 मिलिसेकंद सहज जातात, चित्र मात्र वेळेवर पोचतं. म्हणून ताल ऐकून दाबलेलं बटण उशिरा पडतं. वायरचे हेडफोन थेट कन्सोलला किंवा कंट्रोलरला लावा. टीव्हीवर 'गेम मोड' सुरू करा, नाहीतर चित्र सुधारण्याच्या नादात टीव्ही चित्रही मागे पाडतो. तोवर कानापेक्षा डोळ्यांवर भरवसा ठेवा: पडद्यावर आक्रसणारं वर्तुळ आतल्या खुणेला भिडलं की दाबायचं. एकाच जागी सारखे आपटलात तर तो भाग ओलांडायची मुभा गेमच देतो. खुशाल घ्या. 2019चा हा स्वीडिश गेम जेमतेम तास-दीड तासाचा आहे. पहिल्याच फेरीत सुवर्णपदकामागे धावलात तर त्यातली गाणी ऐकायचीच राहतील.

दुसरा गेम, 'द आर्टफुल एस्केप' (2021, ऑस्ट्रेलिया). लोकसंगीतातल्या थोर काकांची छाया झुगारून स्वतःचा सूर शोधणारा गिटारवादक पोरगा त्यात आहे. धावा, उडी मारा आणि एक बटण धरून गिटार वाजवत राहा. जुगलबंदीत पाच बटणांचे क्रम पाहून परत वाजवायचे; चुकलात तर तोच तुकडा पुन्हा, शिक्षा नाही. आव्हान हवं असेल तर मात्र कंटाळाल.