स्केल वेगळा, लिमिट वेगळी

देवगडच्या एका ताई पायथनच्या मॅटप्लॉटलिबवर, म्हणजे आलेख काढायच्या लायब्ररीवर, मराठीत नोट्स लिहितायत, त्यांनी विचारलंय की ॲक्सिस लिमिटला आणि स्केलला शब्द कोणते घेऊ. लिमिटचं आधी उरकतो, सीमा म्हणा नाहीतर मर्यादा, दोन्ही चालतं. पण ते "वाय ॲक्सिसचा स्केल 0 ते 100 कर रे" कानावर आलं की माझं डोकं फिरतं. अहो ती लिमिट झाली, तिची आज्ञा सेट_वायलिम! कुठून कुठवर दाखवायचं, एवढंच. त्या दोन टोकांमध्ये आकडे कसे बसवायचे, साधे म्हणजे सारख्या अंतराने, की लॉगने म्हणजे दर पायरीला ठरावीक पटीने, तो स्केल, आणि त्याला सेट_वायस्केल वेगळं आहे.

आता खरी गंमत. इंग्रजीत स्केल तीन आहेत. माशाचं खवलं हा एक, मासे तोलायची तागडी हा दुसरा (आमच्याकडे कोळणी वाटेच लावतात म्हणा), आणि आलेखातला तिसरा, त्याचा या दोघांशी काही संबंध नाही, तो लॅटिन स्काला, म्हणजे शिडी! माडावर चढायला खोडाला खाचा पाडतात ना, तसलं.

आणि आपल्याकडे भास्कराचार्यांच्या लीलावतीत श्रेढीव्यवहार, म्हणजे क्रमाने वाढत जाणाऱ्या आकड्यांचं प्रकरण आहे, त्यात ठरावीक भर पडत जाणारी श्रेढीही येते आणि ठरावीक पटीने वाढणारीही. साधा अक्ष पहिलीवर चालतो, लॉग अक्ष दुसरीवर, 1, 10, 100, 1000. माझ्या मते आपली शिडीसुद्धा श्रेढीच्याच गोतावळ्यातली. मग स्केलला दहावीच्या पुस्तकातला "श्रेढी" हा शब्द हाताशी असताना कोशातली ही "मापश्रेणी" कशाला हवी? श्रेणी निकालपत्रावर शोभते, अ, ब, क. कोशवाल्यांना राग आला तर येऊ दे.

पावसाचा आलेख काढून बघा. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला 944 मिमी पडला, तो साध्या श्रेढीवर घातलात की बाकीचे दिवस तळाला चिकटतात, लॉगवर तेच सुटसुटीत दिसतात. फक्त कोरडा दिवस तिथे बसत नाही, कारण शून्याचा लॉगच नसतो, आणि खालची सीमा 0 दिलीत तर मॅटप्लॉटलिब इशारा देऊन ती सरळ धुडकावतो. मग सिमलॉग घ्यायचा, शून्याच्या आसपास साधा आणि पुढे लॉग, म्हणजे खाली जोतं, वर शिडी.