बेबी कॉटची पहिली परदेशी ऑर्डर घेताना

तुमचा नमुना सुबक झालाय, पण सुताराला अंतिम माप देण्याआधी माल कोणत्या देशात जाणार ते नक्की करा. सगळ्यात जास्त लक्ष उभ्या गजांमधल्या फटीवर ठेवा. युरोपचं ईएन ७१६ हे मानक ४५ ते ६५ मिलिमीटर फट मान्य करतं, अमेरिकेत मात्र कमाल मर्यादा ६० च्या आसपास. म्हणजे ६३ मिलिमीटरची कॉट जर्मनीत पास, न्यूयॉर्कसाठी नापास! दोन्हीकडे विकायचं असेल तर ५० ते ५५ धरा. लाकूड वाळून आक्रसलं तरी फट हद्दीत राहते.

खाली सरकणारी बाजू अमेरिकेसाठी अजिबात नको. जून २०११ पासून तिथे त्यावर बंदी आहे. अशा बाजू निखळून, फटीत अडकून बाळं दगावली होती, म्हणून हा नियम मला फार महत्त्वाचा वाटतो.

तिथली फुल-साइज कॉट आतून साधारण ७१ बाय १३३ सेंटिमीटर असते. युरोपातली ६० बाय १२० तिथे वेगळ्या नियमाखाली येते, हे चाचणी करणाऱ्या लॅबला आधीच सांगा. रंगातलं शिसं ९० पीपीएमच्या (दहा लाख भागांत ९० भाग) आत हवं, आणि चाचणी सीपीएससीने (अमेरिकेची ग्राहक सुरक्षा संस्था) मान्यता दिलेल्या लॅबमध्येच करून घ्या.