तुमचा प्रश्न, वकिलांचं उत्तर

प्रश्न : आमच्या घरात तीन पिढ्या कोल्हापुरी चप्पल बनवतात. आता ऑनलाइन रेक्झिनच्या चपला 'अस्सल कोल्हापुरी' म्हणून 299 ला विकतात. जीआय (भौगोलिक मानांकन, म्हणजे ठरलेल्या भागातल्या अस्सल मालालाच ते नाव) आहे ना, मग काहीच का होत नाही?
- एक कारागीर, कोल्हापूर

उत्तर : दादा, जीआय 2019 ला मिळालाय, महाराष्ट्राचे चार आणि कर्नाटकातले चार जिल्हे मिळून, पण तो काय आपोआप पहारा देत नाही. तो नोंदलाय दोन राज्यांच्या चर्मोद्योग महामंडळांच्या नावावर, तुमच्या नाही. म्हणून आधी चेन्नईच्या जीआय रजिस्ट्रीत (नोंदणी कार्यालयात) 'अधिकृत वापरकर्ता' म्हणून नाव घाला, 2020 ला त्याची फी 500 वरून 10 रुपये केली, तरी लोक करत नाहीत याचं मला खरंच नवल वाटतं. नाव लागलं की तुम्ही स्वतः जिल्हा न्यायालयात दावा टाकू शकता. गुन्हासुद्धा आहे, सहा महिने ते तीन वर्षं कैद, पण जप्तीला डीवायएसपी (पोलीस उपअधीक्षक) किंवा वरचा अधिकारी लागतो आणि त्याने आधी जीआय रजिस्ट्रारचं मत घ्यायचं, तोवर गोडाऊन रिकामं!

अजून एक, जीआय नावाला संरक्षण देतो, आकाराला नाही. 2025 ला प्राडा या इटालियन फॅशन कंपनीने मिलानमध्ये तशीच चप्पल दाखवली पण म्हटलं नुसतं 'लेदर सँडल', तिथेच घोडं अडलं. तुमच्या केसमध्ये मात्र नावच वापरलंय. एक जोड बिलासकट मागवा, पेजचे स्क्रीनशॉट ठेवा, रेक्झिनचा काप दिसेल असा फोटो काढा आणि त्या साइटला लेखी तक्रार आजच टाका.