पहिली थ्री-नॉट-थ्री घेतलीस, आता जरा दमाने

अमेरिकेत राहून पहिलीच रायफल ली-एनफील्ड, म्हणजे .३०३ काडतुसाची जुनी ब्रिटिश लष्करी रायफल? झकास! पण लगेच रेंजवर पळू नकोस.

- आधी गनस्मिथकडून (बंदूक दुरुस्त करणाऱ्याकडून) हेडस्पेस, म्हणजे बंद बोल्ट आणि काडतूस टेकते ती जागा यांमधले अंतर, तपासून घे. बोल्ट आणि रिसीव्हर (बोल्ट ज्यात सरकतो तो सांगाडा) यांवरचे नंबर जुळतात का बघ.
- कोणते काडतूस घालायचे ते रायफलीवरचे शिक्के वाचून ठरव, रूपावरून नाही. भारतातल्या इशापूर कारखान्याची २ए१ रायफल दिसते थ्री-नॉट-थ्रीसारखीच, खाते मात्र ७.६२ मिमीचे नाटो काडतूस.
- जुन्या लष्करी काडतुसांच्या प्रायमरमधले (काडतुसाच्या बुडाशी ठिणगी पाडणाऱ्या टोपीतले) क्षार नळीत राहून ओल धरतात आणि गंज आणतात. नुसत्या तेलाने ते जात नाहीत. त्याच दिवशी गरम पाणी ओत, नळी कोरडी कर, मग तेल. मी एकदा ‘उद्या बघू’ म्हणालो, सकाळी चिंधी तांबडी निघाली!

आणि दस्त्याला पॉलिशपेपर लावशील तर खबरदार. शिक्के पुसले की किंमतही गेली. रीलोडिंगचं (वापरलेली काडतुसं पुन्हा भरण्याचं) पुढच्या वर्षी बोलू.