वाचक विचारतात : बर्फावर धावणारं इंजिन तापतं कसं?

हिवाळी अंकातल्या स्नोमोबाइलवरच्या लेखानंतर आलेल्या पत्रांपैकी निम्म्याहून अधिक पत्रं इंजिन तापण्याबद्दल आहेत. सारखे प्रश्न एकत्र करून त्यांची उत्तरं इथे देत आहोत.

प्रश्न : माझी ८५० सीसी, लिक्विड-कूल्ड, टू-स्ट्रोक स्नोमोबाइल जंगलातल्या वाटांवर व्यवस्थित चालते. गोठलेल्या तळ्यावर मात्र पाच-सात मिनिटांत तापमानाचा दिवा लागतो. बाहेर उणे १८ अंश असताना हे कसं? मोठा रेडिएटर बसवू का?
– एक वाचक, मिनियापोलिस

रेडिएटरवर पैसे घालण्याआधी गाडी थंड कशी होते ते बघा. तुमच्या गाडीत मोटारीसारखा जाळीचा रेडिएटर नाही. ट्रॅकच्या, म्हणजे गाडीखाली फिरणाऱ्या रबरी पट्ट्याच्या, वर जो ॲल्युमिनियमचा बोगदा असतो, त्याच्या छताला आतून पन्हाळीसारखे लांब कूलर बसवलेले असतात. ट्रॅक फिरताना बर्फ वर उडवतो, तो या कूलरवर आदळून वितळतो आणि वितळताना उष्णता शोषून घेतो. थंडी नुसत्या हवेतून मिळत नाही, ती वितळणाऱ्या बर्फातून मिळते.

ढोबळ हिशेब करू. एक किलो बर्फ वितळायला ३३४ किलोज्यूल लागतात. त्यात उणे १० वरून शून्यावर येण्याचे आणि वितळलेलं पाणी थोडं कोमट होण्याचे धरले, तर किलोमागे ४०० च्या वर जातात. मध्यम वेगात इंजिन कूलंटमध्ये, म्हणजे त्याला थंड ठेवणाऱ्या द्रवात, २० किलोवॅट उष्णता सोडतं असं धरलं, तर मिनिटाला सुमारे तीन किलो बर्फ कूलरवर वितळायला हवा. ताज्या भुसभुशीत बर्फात हे सहज होतं. तळ्यावरचा बर्फ काचेसारखा कडक आणि वाऱ्याने झाडून निघालेला, त्यामुळे ट्रॅकच्या हाती काहीच लागत नाही. हवा उणे १८ असो की उणे ३०, कोरडे कूलर तेवढी उष्णता टाकू शकत नाहीत.

म्हणून पहिला उपाय स्क्रॅचर. रेल म्हणजे ट्रॅकला आतून आधार देणाऱ्या दोन लांब पट्ट्या. त्यांच्या पुढच्या भागावर, दोन्ही बाजूंना एकेक, स्प्रिंग-स्टीलचा किंवा जाड तारदोराचा दांडा बसतो. त्याचं कार्बाइडचं टोक ट्रॅकच्या कडेबाहेर जमिनीला टेकून बर्फ खरवडतं आणि तो चुरा ट्रॅक व बोगद्यात उडतो. बसवताना तीन गोष्टी सांभाळा :

- भोक पाडण्याआधी सस्पेन्शन पूर्ण दाबून बघा. दांडा ट्रॅकच्या दातांना किंवा आडव्या नळ्यांना लागता कामा नये.
- नट नायलॉनच्या लॉकिंगचे वापरा. रेल ॲल्युमिनियमची असते, तिचं भोक हादऱ्यांनी मोठं होत जातं.
- स्प्रिंगच्या प्रकारचे स्क्रॅचर रिव्हर्स घेण्याआधी उचलून आकड्यात अडकवा. न उचलता मागे गेलात की दांडा वाकतो किंवा तुटतो. तारदोराचे प्रकार रिव्हर्स बऱ्यापैकी सोसतात, पण टोक लवकर झिजतं.

स्क्रॅचरचा दुसरा फायदा स्लायडरला होतो. रेलखालच्या या प्लॅस्टिकच्या पट्ट्यांनाही बर्फाचंच वंगण मिळतं. तळ्यावर दिवा लागण्याआधी प्लॅस्टिक जळल्याचा वास येत असेल, तर त्या पट्ट्या वितळत आहेत. जास्तीची एक-दोन चाकांची जोडी रेलवर बसवली की पट्ट्यांवरचा भार कमी होतो. कूलंटला मात्र त्याचा काही उपयोग नाही.

आता मागे जाऊन बर्फरोधक रबराचा पडदा बघा. दिसायला सुटसुटीत म्हणून हा पडदा कापायची फॅशन आहे. पडदा आखूड झाला की जो बर्फ मागच्या कूलरवर परत आदळायचा तो सरळ मागे उडून जातो. तुमचा कापलेला असेल तर मूळ लांबीचा आणून बसवा. सगळ्या उपायांत हा स्वस्त आहे आणि लोक नेमका हाच विसरतात.

ट्रॅकमध्ये खिळे मारलेले असतील तर पुढच्या कूलरचा खालचा भाग टॉर्च घेऊन तपासा. ट्रॅक सैल असला की खिळे कूलर ओरबाडतात आणि एके दिवशी भोक पडतं. गाडीखालच्या बर्फावर हिरवे किंवा गुलाबी थेंब आणि गोडसर वास ही त्याची खूण. खिळ्यांच्या उंचीला साजेशा संरक्षक पट्ट्या आधी, खिळे नंतर, असा क्रम ठेवा.

एवढं करूनही दिवा लागला तर तळ्याच्या काठाला साचलेल्या मऊ बर्फात गाडी घाला. बहुतेक वेळा मिनिटभरात तापमान उतरतं. जवळ मऊ बर्फ नसेल तर इंजिन बंद करा. गरम असताना कूलंटचं झाकण उघडू नका.

प्रश्न : कूलंट बदलल्यापासून गाडी तापते. आधी कधीच तापत नव्हती. टाकीत पातळी बरोबर आहे. पंप गेला असेल का?
– एक वाचक, सडबरी, ऑन्टारियो

पंप नेमका कूलंट बदललेल्या दिवशीच जायचा योग विरळा. आत हवा अडकली आहे. स्नोमोबाइलमध्ये कूलंट इंजिनपासून पार मागच्या कूलरपर्यंत आडवं जाऊन परत येतं, त्यामुळे हवेचा फुगा राहायला जागा भरपूर असते. सिलिंडर हेडमध्ये फुगा बसला तर तिथे कूलंट पोचत नाही आणि मागच्या कूलरमध्ये बसला तर तो कूलर असून नसल्यासारखा.

गाडीच्या पुस्तिकेतला क्रम वेगळा असेल तर तोच पाळा, नाहीतर असं करा. इंजिन थंड हवं. हेडवर किंवा थर्मोस्टॅटच्या (तापमानानुसार कूलंटची वाट उघडणाऱ्या झडपेच्या) घरावर हवा काढायचा स्क्रू असतो, तो सैल करून टाकीतून सावकाश कूलंट ओता. स्क्रूतून बुडबुड्यांशिवाय धार आली की घट्ट करा. मग गाडीचं पुढचं टोक ४०-५० सेंटिमीटर उचलून भक्कम आधारावर ठेवा आणि इंजिन मंद चालवा. जाड होजपाइप हाताने दाबत राहा, टाकीत बुडबुडे येतील. पातळी उतरेल तशी भर घाला. नंतर पुढचं टोक खाली घेऊन मागचं उचला आणि तेच परत. ट्रॅक अधांतरी असताना मागे कुणालाही उभं करू नका आणि हे काम फार वेळ लांबवू नका, कारण कूलरवर बर्फ नाही.

खात्री हाताने होते. थर्मोस्टॅट उघडल्यावर बोगद्याला बाहेरून पुढून मागे हात लावत जा. पुढे गरम, मागे गार असेल तर मागच्या कूलरमधून प्रवाह नाही, म्हणजे हवा अजून आहे किंवा होजपाइप कुठेतरी मुडपला आहे. सगळीकडे गरम लागलं की काम झालं. पहिल्या फेरीनंतर इंजिन थंड झाल्यावर पातळी पुन्हा बघा, थोडी उतरलेली असतेच.

बुडबुडे कितीही वेळ थांबतच नसतील तर हेडचा गॅस्केट किंवा ओ-रिंग फुटून ज्वलनाचा वायू कूलंटमध्ये शिरतो आहे. टाकीच्या तोंडाशी निळं रसायन धरून बघायची चाचणी मिळते. निळ्याचं पिवळं झालं की वायू शिरतो आहे हे नक्की.

मिश्रणाचं प्रमाण तुम्ही लिहिलेलं नाही, म्हणून सांगतो. इथिलीन ग्लायकॉल आणि डिस्टिल्ड पाणी निम्मं-निम्मं असेल तर ते साधारण उणे ३७ पर्यंत गोठत नाही. तुमच्याकडच्या थंडीला ६० टक्के ग्लायकॉल ठेवलंत तर उणे ५० च्या आसपास जाता येतं. त्यापुढे जाऊ नका. नुसतं ग्लायकॉल उणे १३ लाच गोठतं आणि पाण्यापेक्षा उष्णताही कमी वाहून नेतं. सांडलेलं लगेच पुसा. ते गोड असतं, कुत्री-मांजरं चाटतात आणि थोडंसं पोटात गेलं तरी मूत्रपिंडं निकामी होतात.

प्रश्न : थर्मोस्टॅट काढून टाकला तर कूलंट सतत फिरेल आणि गाडी थंड राहील, असं मित्र म्हणतो. खरं का?
– एक वाचक, डेट्रॉइट

मित्राचं ऐकू नका. बर्फात थर्मोस्टॅटचं काम इंजिनला गरम ठेवण्याचं जास्त असतं. तो काढलात तर बोगद्यातलं शून्याजवळचं कूलंट थेट सिलिंडरवर येतं. ॲल्युमिनियमचा पिस्टन जाळाच्या तोंडाशी असल्याने भराभर फुगतो, सिलिंडर मात्र आकसलेला राहतो आणि पिस्टन चारही बाजूंनी ओरखडे पडून अडकतो. याला कोल्ड सीझर म्हणतात. मित्राची गाडी अजून चालत असेल तर तो नशीबवान आहे. थर्मोस्टॅट अडकल्याची शंका असेल तर काढून पाण्यात थर्मामीटरसह तापवा, त्याच्यावर कोरलेल्या अंशाच्या आसपास उघडतो का बघा. नसेल तर नवा घाला.

प्रश्न : आम्ही ब्रिटिश कोलंबियातल्या डोंगरांत जातो. वर काही त्रास नाही. संध्याकाळी पार्किंगकडे परतताना घट्ट झालेल्या रस्त्यावर तापमान चढतं. स्क्रॅचर आहेत. छोटा रेडिएटर आणि पंखा बसवायचा आहे, कुठे जोडू?
– एक वाचक, कॅलगरी

तुमच्या बाबतीत रेडिएटर पटण्यासारखा आहे. डोंगरी गाड्यांमध्ये वजन वाचवायला कूलर मुळातच लहान ठेवतात, कारण खोल बर्फात तेवढे पुरतात. रस्त्यावर ते कमी पडतात.

इंजिनातून थर्मोस्टॅटनंतर निघणारा गरम होज बोगद्यातल्या कूलरकडे जातो, त्याच वाटेत रेडिएटर ओळीने जोडा. तिथे कूलंट सर्वांत गरम असतं, त्यामुळे लहान जाळीतूनही जास्त उष्णता निघते. बोगद्यातून परतलेल्या थंड होजवर तोच रेडिएटर बसवला तर पंखा उगाच फिरेल. होजचा आतला व्यास मूळ होजइतकाच ठेवा. मध्ये बारीक जोडणी घातली की प्रवाह कमी होतो आणि गाडी आधीपेक्षा जास्त तापते. टी-जोड घालून समांतर जोडू नका, कूलंट सोप्या वाटेने जातं आणि दुसरी वाट उपाशी राहते.

पंखा ६ ते १० अँपिअर घेतो. गाडीच्या स्टेटरला (वीज तयार करणाऱ्या भागाला) तेवढी वीज परवडते का ते हँडलचे हीटर चालू ठेवून व्होल्टमीटरवर तपासा. रिले आणि फ्यूज हवेतच. टू-स्ट्रोक गाडी सहसा ५० ते ६५ अंशांत चालते, तेव्हा ७५ ला चालू आणि ६५ ला बंद होणारा स्विच पुरे. मोटारीचा ९० अंशांचा स्विच घातलात तर पंखा फार उशिरा लागेल.

खरी डोकेदुखी पुढे आहे. जाळीतून निघालेली गरम हवा एअरबॉक्सकडे (इंजिनात हवा घेणाऱ्या पेटीकडे) किंवा ड्राइव्ह बेल्टकडे (इंजिनाची ताकद ट्रॅककडे नेणाऱ्या पट्ट्याकडे) गेली तर इंजिन थंड आणि बेल्ट जळका, असा सौदा होतो. तिला बॉनेटबाहेर वाट काढून द्या. बाहेरच्या प्रत्येक छिद्राला बर्फ अडवणारी बारीक जाळी लावा, नाहीतर भुकटी आत जाऊन वितळते आणि बेल्टवर ठिबकते. कूलंट अर्धा ते एक लिटर जास्त लागेल. हवा काढायचा सोपस्कार वरच्यासारखाच, फक्त रेडिएटरचं वरचं तोंड टाकीपेक्षा उंच जाऊ देऊ नका.

प्रश्न : गुलमर्गला भाड्याच्या स्नोमोबाइलवर दोघं बसलो होतो. चढावर जळका वास आला आणि चालकाने थांबून बॉनेट उघडलं. सोबत फोटो पाठवतोय. गाडीत कूलंट नव्हतंच का?
– एक वाचक, नाशिक

नव्हतं. फोटोत डाव्या बाजूला पंख्याचं गोल घर आणि त्यामागे पंख असलेले सिलिंडर स्पष्ट दिसतात. हे पंख्याने थंड होणारं इंजिन आहे. त्याला बर्फाची गरज नसते, पण पंखा इंजिनाच्याच गतीने पट्ट्यावर फिरतो. दोन माणसं, चढ आणि सावकाश चाल म्हणजे भार पूर्ण आणि वारा अर्धा. त्यातून गुलमर्ग २६५० मीटरवर, तिथली हवा समुद्रसपाटीच्या पाऊणपट दाट. तरी वास बहुधा इंजिनाचा नसावा. कमी वेगात चढताना ड्राइव्ह बेल्ट क्लचवर घसरून जळतो, तो वास रबराचा असतो.

अशा गाडीला मोठा पंखा लावण्याच्या फंदात कुणी पडत नाही. सिलिंडरचे पंख तेलकट मळीपासून साफ ठेवायचे, पंख्याच्या पट्ट्याचा ताण बघायचा आणि घरावरचं एकही झाकण काढून टाकायचं नाही. झाकण निघालं की हवा सिलिंडरवर न जाता बाहेर निसटते. कार्ब्युरेटर उंचीसाठी लहान जेट (पेट्रोल सोडणारं छिद्र) घालून बसवलेला असेल आणि तीच गाडी खाली आणून चालवली, तर मिश्रणात पेट्रोल कमी पडून पिस्टन भाजतो, मग पंखा कितीही चांगला असो.

प्रश्न : सप्टेंबरात मिनेसोटातल्या नॉर्थ ब्रँचला ‘हे डेज’ नावाचा स्नोमोबाइलचा मेळावा बघितला. गवतावरच्या शर्यतीत बर्फ नसताना गाड्या कशा चालतात? प्रत्येक फेरीनंतर गाडीला नळ्या लावत होते.
– एक वाचक, शिकागो

शर्यत काही सेकंदांचीच असते, तेवढ्या वेळात आतलं कूलंट उष्णता सामावून घेतं. फेरी संपली की हातगाडीवरचा बर्फ-पाण्याचा पिंप आणि विजेचा पंप गाडीला जोडतात. जोडणीला झटपट बसणारे, सुटताना आपोआप बंद होणारे कपलर असतात. इंजिन बंद ठेवून थंड पाणी फिरवतात आणि पुढच्या फेरीआधी ठरलेल्या तापमानावर आणून थांबतात. फार गार करत नाहीत, त्याचं कारण डेट्रॉइटच्या वाचकांना दिलेल्या उत्तरात आहे.