भरतकाम नुकतंच शिकतेय, पॉम्पेईचं कुत्र्याचं मोझाईक कापडावर भरायचंय. जमेल का, आणि किती दिवस लागतील?

जमेल. फक्त "आधी उलटी बाजू साफ यायला शिक" असं कुणी सांगितलं असेल तर त्या बाईंचं ऐकू नका. मी ऐकलं आणि वर्ष घालवलं.

चित्र चांगलं निवडलंत. पहिल्याच खेपेला पॉम्पेईच्याच अलेक्झांडरच्या लढाईच्या मोझाईकला हात घालणारेही असतात. पाच मीटर रुंद ती फरशी, खडे १५ लाखांच्या घरात, त्यात जन्म जाईल. हा कुत्रा बहुतेक काळापांढरा, गळ्यात लाल पट्टा, साखळी, खाली लॅटिनमध्ये 'कावे कानेम', म्हणजे कुत्र्यापासून सावध. आमच्या बेळगावच्या शहापुरात फाटकांवर हेच लिहिलेलं असतं, वर कन्नडात 'नायी इदे, एच्चरिके' आणि खाली मराठीत. हा कुत्रा ज्याच्या दारात आहे ते घर इसवी सन ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गेलं, पण मालक आमच्याच गल्लीतला वाटतो. म्हणून मीही हाच घेतला होता.

माझा हात कसुतीचा, म्हणजे आमच्या कर्नाटकी भरतकामाचा. शेजारच्या अव्वांनी शिकवलेले त्यातले टाके गवंती, मुर्गी, नेयगी, मेंथी. सगळं कापडाचे धागे मोजून, पेन्सिलीची रेघ ओढायची नाही. त्याच सवयीनं मॅटीवर घरं मोजत मेंथीनं, म्हणजे फुल्यांनी, कुत्रा भरायला बसले. पाठ जिन्यासारखी आली. मुलगा म्हणाला, "आई, गाढव छान झालंय." मग फोटो मोठा करून नीट बघितला. खडे चौकोनी आहेत, पण चौकटीत बसवलेले नाहीत. कुत्र्याच्या कडेनं पांढऱ्या खड्यांच्या ओळी त्याच्या अंगाबरोबर वळतात, बांधाच्या कडेनं नांगराचं तास वळावं तशा. घरं मोजून ते कसं येणार?

सगळं उसवलं. खडेबाजारातून राखाडी सुती कापड आणलं, चित्र छापून घेतलं, रिंगला ताणलं. दोन धाग्यांच्या दोऱ्यानं शेजारी शेजारी तीन सरळ टाके, झाला एक खडा. मध्ये कापड किंचित मोकळं सोडायचं, तोच चुन्याचा सांधा. आधी कुत्रा, मग त्याला लागून दोन ओळी, उरलेली जमीन शेवटी. आणि पांढरा एकच घेऊ नका, तीन घ्या. दगड कधी सगळे एका रंगाचे असतात का?

कुत्रा मानेपर्यंत आला होता. संक्रांतीचं हळदीकुंकू, घर भरलेलं. मोठ्या जाऊबाईंनी रिंग उचलली आणि पुढून न बघताच पालथी केली. "एवढ्या गाठी? आमच्या आईनं हातावर पट्टीच मारली असती." सगळ्या हसल्या. मीही हसले, वाण वाटलं आणि दुसऱ्या दिवशी मान उसवली. पुढचं वर्षभर एकही गाठ न मारता भरत होते. खडा एवढासा, दर चार खड्यांना रंग बदलायचा, टोकं निसटायची. त्या वर्षात दोन कान झाले.

आता सांगते. कसुतीत गाठ नको कारण चंद्रकळेचा पदर खांद्यावरून उलटतो आणि मागची बाजूही दिसते. तो नियम पदराचा. भिंतीवरच्या कुत्र्याची मागची बाजू बघणार कोण, पाल? पॉम्पेईच्या कारागिरानं तर खड्यांची मागची बाजू चुन्यातच गाडली. आणि जिच्यात गाठ चालत नाही त्या गवंतीचं नाव कन्नड 'गंटू'वरून आलंय म्हणतात. गंटू म्हणजे गाठ! हे त्या दिवशी तोंडावर सांगायला हवं होतं. सुचलं सहा वर्षांनी, तुमचा प्रश्न वाचून.

दिवसांचं मला विचारू नका, उसवण्यासकट माझी अडीच वर्षं गेली.

हां, काळा दोरा आधी ओल्या पांढऱ्या फडक्यावर घासून बघा, रंग सोडत असेल तर पांढऱ्या खड्यांचं वाटोळं. उशीचा अभ्रा करणार असाल तर मात्र गाठी नकोत, धुण्यात सुटतात. आणि फ्रेमवाल्यानं पुठ्ठ्यावर ताणून बसवल्यावर माझ्या कुत्र्याच्या पोटावर दोन टेंगळं आली, गाठींचीच. गाठ मारायची तर काळ्या भागाखाली मारा, तिथे दिसत नाही. जाऊबाईंना अजून दिसलेली नाहीत, त्या मागूनच बघतात.