नाव दिसतं, आवाज येत नाही: गुहागरात मुंबईचं डीआरएम

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: गुहागरजवळ घर, वडिलांसाठी डीआरएम रेडिओ (मीडियम वेव्हवरचं डिजिटल प्रसारण पकडणारा) घेतला, आकाशवाणी मुंबई १०४४ किलोहर्ट्झ लावली की पडद्यावर केंद्राचं नाव येतं पण आवाज तुकड्यातुकड्यांत, आणि दिवेलागणीनंतर तोही नाही. गच्चीवर पन्नास फूट वायर टाकली तर आणखी बिघडलं. आणि पुणे जवळ असून अजिबात का लागत नाही?

मी दापोलीकडचा, म्हणजे तुमच्याच किनाऱ्यावरचा. हे सगळं माझ्या घरी होऊन गेलंय. वायर टाकून बिघडणंसुद्धा.

नाव दिसणं ही चांगली खूण आहे. डीआरएमचा सिग्नल एकसंध नसतो. त्यात एक छोटा भाग ‘हे प्रसारण कसं वाचायचं’ ते सांगतो, दुसऱ्यात केंद्राचं नाव वगैरे असतं आणि तिसऱ्यात प्रत्यक्ष आवाज. पहिले दोन भाग मुद्दाम दणकट ठेवलेले असतात, खरखरीतूनही पोचतात. आवाजाच्या भागात थोड्या जागेत भरपूर माहिती कोंबलेली असते, म्हणून त्याला स्वच्छ सिग्नल लागतो. तुमच्या रेडिओत कुठेतरी एसएनआर नावाचा आकडा दिसत असेल, मेनूत खोल दडलेला असतो. सिग्नल गोंगाटाच्या किती वर आहे ते तो सांगतो. केंद्रानं कोणती पद्धत लावलीय त्यावर गरज बदलते, पण आवाज सलग येण्यासाठी साधारण १५-१६ डीबी (डेसिबल) धरून चला. तुमचा आकडा बहुधा १०-१२ वर लटकतोय. म्हणजे तुम्ही उंबरठ्याशी आहात, गावाबाहेर नाही.

हा आकडा दोन बाजूंनी वाढतो: सिग्नल वाढवून किंवा गोंगाट कमी करून. आपण सगळे पहिल्याच्या मागे धावतो आणि तिथेच फसतो. मीडियम वेव्हवर गावाकडच्या घरात सिग्नल सहसा पुरेसा असतो, घरच गोंगाट करत असतं. तुमच्या वायरीनं तेच केलं. सिग्नल दुप्पट आणला असेल, पण गच्चीवरून खाली येताना घरातल्या वायरिंगचा कचरा चौपट गोळा केला. ती काढून ठेवा. मे महिन्यातल्या विजांच्या दिवसांत तर अशी वायर गच्चीवर नकोच.

आता आधी हे करा. दुपारी, साधारण तीन-चारला, रेडिओ बॅटरीवर लावा, १०४४ वर ठेवा आणि आकडा लिहून घ्या. मग घराचा मेन स्विच बंद करा. इन्व्हर्टर असेल तर तोही, नाहीतर तो हळूच सुरू होऊन सगळी परीक्षा वाया घालवतो. मिनिटभर थांबून पुन्हा आकडा बघा. एकदम चार-सहा डीबी वर गेला, तर चोर घरातच आहे. मग मेन चालू करून एकेक वस्तू लावत जा आणि आकडा कधी पडतो ते पाहा. घाई करू नका. डीआरएममध्ये माहिती दोनेक सेकंदांच्या पट्ट्यात विस्कटून पाठवलेली असते, त्यामुळे प्रत्येक बदलानंतर रेडिओला सावरायला चार-पाच सेकंद द्यावे लागतात. जुन्या ट्रान्झिस्टरच्या सवयीनं काटा फिरवत राहिलात तर काहीच लागणार नाही.

नेहमीचे संशयित सांगतो: स्वस्त एलईडी बल्ब, पंख्याचा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर, मोबाईलचा चार्जर (फोन लावलेला नसतानाही), सेट टॉप बॉक्सचा ॲडॅप्टर, इंडक्शन शेगडी, चौकोनी लहरीचा जुना इन्व्हर्टर, छतावर सौर पॅनल असेल तर त्याचा इन्व्हर्टर. माझ्याकडे मात्र यातलं काहीच नव्हतं. दोन दिवस शोधून थकलो. शेवटी जुना खिशातला ट्रान्झिस्टर दोन केंद्रांच्या मधल्या रिकाम्या जागी लावला आणि खरखर जिथे वाढेल तिकडे घरभर फिरत गेलो. थेट देव्हाऱ्यापाशी जाऊन उभा राहिलो! गणपतीत लावलेली एलईडीची माळ, तिचा अंगठ्याएवढा ॲडॅप्टर वर्षभर तसाच खोचलेला. तो काढला आणि ९ चा १५ झाला. आईला वाटलं मी देवाचं काही काढतोय, तिला समजावणं हे त्या दिवसातलं सगळ्यात अवघड काम.

वस्तू काढता येत नसेल, समजा राउटर, तर तिच्या वायरीचे सात-आठ वेढे फेराइटच्या (गोंगाट अडवणाऱ्या काळसर चुंबकीय पदार्थाच्या) कड्याभोवती घाला आणि रेडिओ दुसऱ्या भिंतीकडे हलवा. दोन मीटर अंतरानंही मोठा फरक पडतो.

मेन बंद करूनही आकडा हलला नाही तर शेजार किंवा विजेचा खांब. आपल्या किनाऱ्यावर खारं वारं खांबावरच्या चिनीमातीच्या चिमण्यांवर (इन्सुलेटरवर) मीठ बसवतं आणि दमट हवेत तिथे बारीक ठिणग्या पडत राहतात. पहिल्या जोरदार पावसानंतर ही खरखर काही दिवस गायब झाली तर समजा दोष खांबावर आहे. वायरमनला खांबाचा नंबर सांगा. स्वतः खांबाला हात लावायला जाऊ नका, हे लिहायला नको पण लिहितो.

एवढं झालं की मग अँटेना. डिशची छत्री किंवा गच्चीवरचा जुना दूरदर्शनचा अँटेना इथे निरुपयोगी. १०४४ किलोहर्ट्झची एक लहर जवळपास २८७ मीटर लांब असते, त्या काड्यांना ती दिसतच नाही. (‘अँटेना उंच न्या’ असा सल्ला लंडनला असणारा कोणी भाचा देईल, तोही बाजूला ठेवा. तिकडचं डॅब (तिथला डिजिटल रेडिओ) १७४ ते २४० मेगाहर्ट्झवर चालतं, लहर सव्वा ते पावणेदोन मीटरची, तिथे अँटेना उंच नेला की काम होतं. आपल्याकडे उंचीनं जवळपास काही होत नाही.)

आपल्याला हवा लूप. लाकडी पट्ट्यांची फुली करा, तिच्या टोकांवरून ६० सेंटीमीटर बाजूचा चौकोन होईल असे साध्या प्लास्टिकच्या वायरीचे ११ वेढे, वेढ्यांत अर्धा सेंटीमीटर जागा. सत्तावीस मीटर वायर पुरते. दोन्ही टोकं जुन्या व्हॉल्व्हच्या रेडिओतल्या गँग कंडेन्सरला (दांडा फिरवून केंद्र जुळवायचा भाग), सुमारे ५०० पिकोफॅरडचा. भंगारवाल्याकडे अजून मिळतो. रेडिओला काहीही जोडायचं नाही. रेडिओच्या आत फेराइटची दांडी असेल, तर रेडिओ लूपच्या शेजारी असा ठेवा की ती दांडी लूपच्या चौकोनाला काटकोनात येईल. मग गँग हळूहळू फिरवा.

गंमत इथे आहे. ॲनालॉग केंद्राला लूप जितका टोकदार जुळेल तितका बरा. डिजिटलला तसं नाही. त्याचा सिग्नल ९-१० किलोहर्ट्झ रुंद पसरलेला असतो आणि चांगल्या वायरीचा लूप इतका अरुंद जुळतो की मधला भाग वर येतो, कडा खाली राहतात. म्हणून आवाज सर्वात मोठा वाटतो त्या जागी थांबू नका. तिथून गँग केसभर इकडे-तिकडे करून एसएनआर बघत जा. माझा उत्तम आकडा नेहमी शिखराच्या जरा बाजूला मिळतो. शिखर शोधायला आधी मुंबईचं ॲनालॉग लावा, कानाला कळतं, मग रेडिओ डिजिटलवर न्या.

लूपचा खरा उपयोग जवळ ओढण्यापेक्षा दूर ढकलण्यात आहे. लूपची कड ज्या दिशेला, तिकडून आणि तिच्या बरोबर उलटीकडून तो ऐकतो. चौकोनाचं तोंड ज्या दिशेला, तिकडचं जवळपास काहीच ऐकत नाही, आणि ही बहिरी बाजू फार तीक्ष्ण असते. गुहागरहून मुंबई जवळपास थेट उत्तरेला, किंचित पश्चिमेकडे झुकलेली. कड तिकडे करा, मग शेजाऱ्याचा इन्व्हर्टर बहिऱ्या बाजूत जाईपर्यंत लूप थोडा थोडा फिरवा. मुंबईचं दहा टक्के गेलं तरी चालेल, गोंगाट नव्वद टक्के जातो. नुसता रेडिओ पाटावर ठेवून पाट फिरवला तरी हेच थोड्या प्रमाणात होतं. आज संध्याकाळपर्यंत फुकटात करून बघता येईल.

आता पुण्याचं. सरळ रेषेत पुणे तुमच्यापासून सुमारे १४० किलोमीटर, मुंबई सुमारे १९०. तरी मुंबई येते, कारण दिवसा मीडियम वेव्ह जमिनीला धरून चालते आणि खारं पाणी तिला कोरड्या खडकापेक्षा हजारपट सोपी वाट देतं. मालाडच्या प्रक्षेपकाहून तुमच्याकडे येणारा रस्ता किनाऱ्याला धरून, पाण्यालगतचा. पुण्याच्या ७९२ ला आधी दख्खनचा कातळ, मग सह्याद्री आणि खाली जांभा. त्यामागे लागू नका. त्यापेक्षा पणजी १२८७ तपासा, ती किनाऱ्याच्याच रेषेत आहे. आणि मुंबईचीच ५५८ नक्की लावून पाहा. लहर जितकी लांब तितकी ती जमिनीवरून दूर जाते, माझ्याकडे दुपारी १०४४ पेक्षा ती दोन-तीन डीबी वर असते. प्रसारणाच्या वेळा आणि पद्धत बदलत असतात, त्यामुळे आज शांत असलेली लहर कायमची बंद आहे असं धरू नका. ॲनालॉगसोबत डिजिटल जातं तेव्हा ताकदीचा मोठा वाटा ॲनालॉगला जातो, म्हणून केंद्र फक्त डिजिटलवर असतं तेव्हा तेच घर, तोच रेडिओ, आकडा एकदम उडी मारतो.

संध्याकाळचं दुखणं वेगळं आणि त्यावर घरात पूर्ण इलाज नाही. दिवसभर आकाशातला जो थर मीडियम वेव्ह गिळतो तो सूर्य बुडाला की विरतो, आणि वरच्या थरावरून परतणारी लहर खाली येऊ लागते. आपल्या अंतरावर जमिनीवरून येणारी आणि आकाशातून येणारी मुंबई साधारण सारख्या ताकदीची होते. दोघी कधी हात मिळवतात, कधी एकमेकींना पुसतात. पुसतात तेव्हा आवाज गेला. त्यात दूरची केंद्रंही त्याच लहरीवर येऊन बसतात. लूपनं त्यातली काही कापता येतात, वरून येणारी मुंबई मात्र नाही. रात्री मी राजकोट १०७१ लावतो. तिथला प्रक्षेपक १००० किलोवॉटचा, आपल्यापासून सहाशे किलोमीटरच्या आसपास, रात्री मुख्यतः आकाशातूनच येतो, त्यामुळे दोन लहरींचं भांडण कमी. मराठी मिळणार नाही, पण वडिलांना बातम्या हव्या असतील तर बघा चालतंय का. मराठी बातम्या दुपारच्या ऐकायची सवय लावली तर सगळ्यात उत्तम, माझ्या आईनं लावून घेतलीय.

लूप करण्याआधी मेन बंद केल्यावरचे दोन आकडे इथे टाका, दुपारी चारचा आणि रात्री आठचा. शक्य असेल तर ५५८ चेही. त्यावरून कळेल की लाकूड कापायची गरज आहे की नुसती एक माळ काढायची.